जेवणाआधीची प्रार्थना

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या नवऱ्याला आत तपासत होते.

"वहिनी, दादाची वाचा गेल्यापासून जेवणाआधीची प्रार्थना कोण म्हणतं?"

"मीच. दुसरं आहे कोण?"

"दादा तर अख्ख्या जगासाठी मागायचा."

"हो ना. एकेका देशाचं नाव घेऊन."

"आणि तुम्हाला तर मोठ्यानं प्रार्थना म्हणायची भीती."

"अजून वाटते. रोज कशीबशी यांचीच देशांची यादी म्हणते. पण काल 'हे प्रभू येशू' म्हटलं आणि पुढे काही सुचेचना. हात जोडून नुसती बसून राहिले."

"मग?"

"मग एकदम शांत वाटलं. आणि हे 'आमेन' म्हणाले."

"दादा बोलला?"

"अगदी स्पष्ट."

"अगं बाई! मग तुम्ही काय केलंत?"

"वाढलं. जेवण गरम होतं, वन्सं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच."