मामांच्या मोटारीवरचा ओरखडा

मुकं जनावर, त्याला काय कळतंय म्हणता? कळतंय की! तुम्हाला सांगतो, संकेश्वराच्या अलीकडं च्या प्यायला थांबलो, मोटार चिंचंखाली लावलो. शेजारी भिंत हाय, बाभळ हाय, मैलाचा दगड हाय, पण तिथं चरणाऱ्या म्हशीला अंग खाजवायला मिळालं काय, तर आमच्या सासऱ्यांच्या मोटारीचं दार! शिंग टेकवलं, मान हलवली, आणि काळ्याभोर दारावर हातभर पांढरा ओरखडा. वर माझ्याकडं बघतिया कशी, जणू मीच तिच्या गोठ्यात शिरलोय.

आता ते दार साधंसुधं न्हवं, बरं का. आमचे मामा, म्हणजे सासरे, निपाणीचे मारुतीराव, तंबाखूचे व्यापारी. गावात तवा मोटारी दोन, त्यातली दुसरी ढकलावी लागायची. मामांना जावईही दोन. थोरला मी, गोपाळ, बेळगावात शाळामास्तर. धाकटा उपेंद्र, चिकोडीला वकील. मोटार चालवायला दोघांनाही येती. पण दसऱ्याला शिलंगणाला जाताना सगळं गाव रस्त्याच्या कडंला उभं, मागं मामा फेटा बांधून बसलेले, तवा चाकावर कोण? दरवर्षी उपेंद्र. का, तर वकील! यंदा मात्र मामा म्हणाले, "गोपाळराव, तुमचा हात सावकाश हाय. शिलंगणाला तुम्हीच चाक धरा." आणि टायर बदलायला मोटार माझ्याबरोबर बेळगावला धाडली. सगळं नीट झालं, परत येताना ही म्हैस. ओरखडा मामांना दिसला की संपलं, चाक परत उपेंद्रच्या हातात.

मग काय, निपाणीत आलो ते थेट मामांच्या वखारीत, मागल्या कोपऱ्यात मोटार घातलो. आमची सुनंदा सणाला आधीच माहेरी आलती. बघून म्हणती, "अहो, कोल्हापूरला न्या, तिथं मोटारी रंगवणारे हायत."

मी म्हणलो, अगं, एक ओरखडा तर हाय. त्यात काय अवघड हाय?

न्हाय, तुम्हीच सांगा, तांब्याचा हंडा डागाळला तर तुमच्या घरात काय करत्यात? कोल्हापूरला धाडत्यात? राख घेत्यात, नारळाची शेंडी घेत्यात, घासत्यात. मीही घासलो. दंड भरून येईपर्यंत घासलो. ओरखडा गेला. खरंच गेला हो! त्याच्याबरोबर आजूबाजूचा रंगही गेला, आणि आतला पत्रा दिसाय लागला. सुनंदा वाकून बघितली आणि म्हणाली, "मघाशी रेघ होती, आता भाकरी झाली." बायकोला बोलायला काय जातंय?

मी काय घाबरतोय? शाळेतला फळा दरवर्षी कोण काळा करतंय? मीच की! कंदिलाच्या काचेची काजळी धरायची, जवसाच्या तेलात घोटायची, जरा राळ घालायची. फळा चमकला तर पोरांना अक्षर दिसत न्हाय, म्हणून तिथं तेल बेतानं घालायचं. मोटार तर चमकायलाच पाहिजे, म्हणून मी तेल घातलो सढळ हातानं. फळा काळा करणाऱ्याला मोटार काळी करायची, त्यात काय अवघड हाय?

भाकरीवर रंग लावलो. ती भाकरी एवढी काळी, एवढी काळी, की बाकीचं दार पांढरट दिसाय लागलं. मग सगळं दार रंगवलो. तर दुसरं दार हिरमुसलं. ते केलो, तर पुढचं इंजिनावरचं टोपण फिकं दिसाय लागलं... असं करत करत अख्खी मोटार! अष्टमीचा दिवस मावळला तवा तुम्हाला सांगतो, दारात माझी मिशी दिसत होती, केसन् केस. मला स्वतःचा लई अभिमान वाटला. सुनंदानं बोट लावलं, बोट काळं. "अहो, हे चिकट हाय की."

"सकाळपर्यंत वाळंल. वाळायला त्यात काय अवघड हाय?"

आणि सकाळ कसली होती? खंडेनवमीची! तुम्ही तंबाखूच्या गावचे न्हाय म्हणून सांगतो. त्या दिवशी वखारीत तराजू, वजनं, चाळण्या, सगळ्यांची पूजा. आणि पूजेआधी वर्षाची वखार झाडून काढायची, आढ्यापासून. हे मला ठाऊक न्हवतं? होतं की! पण मी घरात पोहे खात बसलोय, आणि तिकडं राजाबाई, वखारीतली सगळ्यांत जुनी बाई, बायका घेऊन झाडाय लागली. वर्षभराची तंबाखूची धूळ उठली, आणि बसायला तिला ओली जागा कुठं मिळाली? मी शिंकत शिंकत आत गेलो तर मोटारीला केस आलते! तांबूस, दाट, चाकापासून टपापर्यंत.

राजाबाई केरसुणी उगारून विचारती, "मास्तर, हिलाबी झाडू व्हय?" नको गं बाई, म्हणलो, झाडलीस तर रंगही जाईल. तेवढ्यात दारात मामा, हातात पूजेचं ताट. मागं उपेंद्र, काळा कोट, आणि तोंडावर असं हसू, की खटला जिंकून फी पण मिळालीय.

मामा पुढं आले. मोटारीवरनं बोट फिरवलं, वास घेतला.  आणि राजाबाई मामांना म्हणाली, "अण्णा, आज तंबाखूची लक्ष्मी आपल्या पायानं मोटारीवर चढली बघा."

मामांचे डोळे भरले हो! टोपी सारखी केली, हात जोडले, हळदकुंकू वाहिलं. "हिला कुणी हात लावायचा न्हाय," म्हणाले, "शिलंगणाला अशीच जाणार." म्हणजे ओरखडा गेला, भाकरी गेली, चाक माझंच! मी नुसतं गप्प बसायचं होतं. पण तो उपेंद्र म्हणतो कसा, "मामा, हा तर दैवी चमत्कार."

दैवी? दिवसभर खपलो मी, आणि नाव देवाचं? मी पुढं झालो. सुनंदा मागनं धोतर ओढतिया, तरी पुढं झालो. "मामा, चमत्कार कसला, हे सगळं मी केलोय! जवसाचं तेल, राळ, काजळी, माझ्या हातानं!"

मामा माझ्याकडं वळले. "तुम्ही? मग वाटेत तंबाखू झडली तर परत चिकटवायला येईल तुम्हाला?"

"येईल की," मी म्हणलो, "त्यात काय अवघड हाय?"

तर असं झालं शिलंगण. मागं मामा फेटा बांधून. चाकावर उपेंद्र, शिंकत का असंना, पण चाकावर. आणि मी रस्त्यानं मोटारीच्या कडंनं पायी, या हातात तेलाची वाटी, त्या हातात तंबाखूची बुट्टी. खड्डा आला की तंबाखू झडायची, झडली की पळत जाऊन चिकटवायची. सगळं गाव बघूलालंय. देवळाजवळ कुणीतरी मामांना विचारलंच, "अण्णा, हे कोण वो?"

मामा छाती फुगवून म्हणाले, "आमचे थोरले जावई. मोटारीचं सगळं तेच बघत्यात."