दोन खाली उतरतो

“हॅलो? … हां, बोल ऋता. … कॉम्प्युटरसमोरच बसलेय. … नाही, अजून काढली नाही ती फाइल. तुला विचारल्याशिवाय कशी काढू?”

निशांत गेला त्याला वर्ष होत आलं होतं. मुलाच्या खोलीत, मुलाच्या कॉम्प्युटरवर वाशीच्या क्लाससाठी केमिस्ट्रीचे पेपर टाइप करायचे, एवढ्यापुरत्याच मीनाताई तिथे बसत. काही अडलं की फोन मुलीला, ऋताला.

“वाचते, थांब. अँटिव्हायरस म्हणतोय, ‘अनोळखी फाइल’. एचके वन डॉट डीएलएल. खाली दोन बटणं. ‘काढून टाका’ आणि ‘वेगळी ठेवा’. … हो, प्रॉपर्टीजमध्ये बघितलं. कंपनीचं नाव नाही, सही नाही, वर्णन नाही. … अगं, नीटच बघितलं. सगळे रकाने कोरे आहेत. … काय करते? ‘दाबलेली प्रत्येक कळ वाचते.’ … असेल व्हायरस. … नाही, घाबरले नाही. आवाज हल्ली असाच असतो माझा.”

दाराची बेल वाजली.

“धर जरा. … कमळे, पूर्ण वाटा नको गं. अर्धा कर. … दोघंच तर आहोत, संपत नाहीत. … हं, ऋता. मासेवाली, सारसोळ्याची कमळी. बोंबील आणलेत. … हो, त्याला आवडायचे. बोल पुढे.”

“काढून टाकली तर परत मिळेल? … मग नको. आधी वेगळी ठेवू. … का म्हणजे? एकच गोष्ट बाजूला करायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय बदलतं ते बघायचं. अकरावीत शिकवलंय तुला. … केली. रीस्टार्ट होतोय. …”

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“झाला चालू. नेट आहे. प्रिंटर आहे. मराठी टाइप होतंय. … काहीच बिघडलं नाही. … बरं, टाकते काढून. … अगं ऐक ना, पेपरची एक ओळ राहिलीय, ती आधी… सल्फ्युरिक आम्ल. एच, दोन, एस…”

त्यांचा हात थांबला.

“ऋता, दोन खाली उतरला नाही. … अगं, एचच्या पायाशी बारीक होऊन बसतो ना, तसा. मी काही करत नाही, आपोआप बसतो. … दिवाळीत तुझ्या लॅपटॉपवर बसत नव्हता म्हणून नव्हते का चिडले? तू म्हणालीस, आपोआप कुठेच बसत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे बसतो. … हो. … हो, मला वाटलं, कॉम्प्युटर चांगला आहे.”

“फाइलची तारीख? … जूनची. त्याच्या शेवटच्या जूनची. … रोज हाका मारायचे ना मी. निशांत, दोन खाली कर. निशांत, चार खाली कर. … वैतागायचाच. … मग एकदा म्हणाला, आई, आता हाक मारायची गरज नाही. मला वाटलं, कंटाळला. … नाही मारली मग.”

“ऋता? … रडू नकोस. बटण कुठे आहे ते सांग. … वेगळ्या ठेवलेल्या फाइली… हां, दिसली. ‘परत आणा’. … विचारतोय, फाइल ओळखीची आहे का. … दाबलं ‘हो’. … पुन्हा रीस्टार्ट. थांब. …”

“एच. दोन. … उतरला. … अगं, उतरला म्हणते ना. … काय टाइप केलं? पाणी. … मी बरी आहे. तू रविवारी येशील तेव्हा पेनड्राइव्ह आण, कॉपी करून ठेवू. … बाबांना मी सांगते. … हो. ठेवते आता, पेपर पुरा करायचाय.”