मखमलीचा भुगा

(अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातल्या एका पोर्तुगीज घराचं तळघर. रविवार दुपार. रोजचा स्वयंपाक इथेच होतो. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी, म्हणून चकचकीत.)

नतेर्सिया : पण तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत, बाबा?

वालदेमार : खोटं कसलं? त्यांनी विचारलं, गिरणीतली पाळी सुटल्यावर अंगावरची लव कशी काढता. म्हटलं, ब्रशने.

नतेर्सिया : ब्रशने! अख्ख्या गिरणीत एक तरी ब्रश आहे का?

झुल्मीरा : वाद नंतर घाला. सूप निवतंय. शोरीसू सॉसेज घातलंय भरपूर, खा.

वालदेमार : इतकी वर्षं मी मखमल करतोय. कापडाला गोंद लावायचा, वरून नायलॉनची बारीक लव सोडायची. वीज दिली की... थांब, दम घेऊ दे... प्रत्येक केस ताठ उभा. वर्गात मास्तर आल्यासारखा! दागिन्यांच्या डब्या, मोटारीच्या काचेच्या पट्ट्या, सोफे. मखमलीने कुणी मरतं का गं?

नतेर्सिया : मरतं. फुप्फुसाचा तुकडा काढून बघितला ना त्यांनी? तुमच्याच गिरणीतले आणखी काही जण आहेत त्यांच्याकडे, असेच धापा टाकणारे. लव कापायचं पातं बोथट झालं की लवेचा भुगा होतो, तो आत जातो. पण एवढा खोल, एवढा भरून कसा गेला, हे त्यांना कळत नाहीये.

झुल्मीरा : मग मालकाला सांगा, पातं बदल म्हणावं.

वालदेमार : मालक माझा जावई लागून गेलाय!

नतेर्सिया : आई, तू तरी सांग यांना. उद्या परत दवाखान्यात जायचंय, तिथे खरं बोला म्हणावं.

झुल्मीरा : माझं ऐकतात होय? जन्मात एकच गोष्ट ऐकली माझी. घरी स्वच्छ येतात. त्या बाकीच्या बायका बघ, पूर्वी कशा बोटं मोडायच्या नवऱ्यांच्या नावाने. गादीवर लव, भाकरीत लव. माझ्या घरात कण दाखव! बरं, मक्याची भाकरी वरच राहिली. आणते. तोवर भांडू नका.

नतेर्सिया : गेली ती. आता बोला. जोराच्या हवेचा पाइप ना?

वालदेमार : कुणी सांगितलं?

नतेर्सिया : तुमच्याबरोबर काम करणाऱ्या तिबुर्सिउकाकांनी. पाळी सुटली की रांगेत उभे राहता आणि एकमेकांवर हवा मारता. केसांत, कानांत, तोंडावर. ढग उठतो म्हणे.

वालदेमार : हळू बोल.

नतेर्सिया : अहो, हेच तर विचारत होते डॉक्टर! त्यांना कळलं तर ते गिरणीला कळवतील, हे हवा मारणं बंद करायला लावतील. उद्या सांगा.

वालदेमार : नाही सांगणार.

नतेर्सिया : का पण?

वालदेमार : तू रांगत होतीस तेव्हा. मिळेल ते तोंडात घालायचीस. एकदा मी तसाच घरी आलो, तुला उचललं, तर तुझ्या ओठांना निळी लव. तुझी आई म्हणाली, असे येणार असाल तर बाहेरच झोपा. काय चुकलं तिचं? दुसऱ्या दिवसापासून हवा मारायला लागलो. मग इतरांच्या बायका म्हणू लागल्या, वालदेमार बघा कसा येतो. झाली रांग सुरू.

नतेर्सिया : तुम्ही हवा मारून येता हे तिला कुठे ठाऊक होतं?

वालदेमार : नव्हतंच. आणि आता कळलं म्हणून माझी छाती बरी होणार आहे का? उद्यापरवा मी जाईन. ती या घरात एकटी राहील. हे तिच्या डोक्यात घालून जाऊ?

नतेर्सिया : आणि लुर्देस? तिबुर्सिउकाकांची लेक. नुकतीच लागलीय. तीही रांगेत असते. तिच्यावर कोण मारतं हवा?

वालदेमार : सूप वाढ जरा.

नतेर्सिया : बाबा?

वालदेमार : मी. केस लांब आहेत पोरीचे. नीट निघत नाही, म्हणून मीच मारतो.

झुल्मीरा : ही घ्या भाकरी.

वालदेमार : आलीस? पाय नाही वाजले.

झुल्मीरा : जिन्यातच उभी होते.

वालदेमार : झुल्मीरा, ते तसं नाही... तू आपलं...

झुल्मीरा : दम पुरवून बोला. नतेर्सिया, उद्या मीही येते दवाखान्यात. यांच्या तोंडून निघालं नाही तर मी सांगेन.

वालदेमार : तुझा काही दोष नाही त्यात.

झुल्मीरा : ते मी आणि देव बघून घेऊ. माझी शाल कुठंय?

नतेर्सिया : आई, बस ना जरा. कुठे निघालीस?

झुल्मीरा : लुर्देसच्या आईकडे. उद्यापासून पोरीला रांगेत उभी राहू देऊ नको म्हणते. लवेने भरलेली आली तरी तशीच आत घे.

नतेर्सिया : ती घेईल? तिचं घर म्हणजे...

झुल्मीरा : घेईल. घर झाडता येतं.