सायकलींचा रकाना

आमच्या बदनापूरकडच्या नव्या हायस्कूलच्या कागदावर मी सही केली न्हाई, ती गोष्ट सांगते. रोज किती गाड्या येतील आन् त्या कुठं लावायच्या, एवढंच शिक्षकांनी मोजून द्यायचं होतं. इंजिनिअर साहेबांच्या फॉर्मात मोटार आन् मोटारसायकल असे दोनच रकाने. मी तीन दिवस जुन्या शाळेच्या गेटवर उभी राहिले. मोटारी आल्या चार, सायकली शंभराच्या वर, बहुतेक मुलींच्या. मी हातानंच तिसरा रकाना आखला.

साहेब म्हणाले, "मॅडम, सायकलीला कशाला जागा? बाहेर भिंतीला टेकवतील."

"भिंतीला लागून हायवे आहे, साहेब."

"नकाशा तयार झालाय. सही करा."

"न्हाई करत."

मुख्याध्यापक घाबरून म्हणाले, "बाई, वरून फोन येईल."

"येऊ द्या की. माझाच नंबर द्या."

पाहणीच्या दिवशी मी सगळ्या मुलींना सायकली घेऊन नव्या जागेवर बोलावलं. मोटारींसाठी फक्कीनं आखलेली जागा पार गेटपर्यंत भरली. साहेबांची जीप आत येईना, म्हणून ती भिंतीला लागून रस्त्यावरच उभी राहिली. मागून ट्रक आला आन् जीपचा आरसा उडवून निघून गेला.

साहेबांनी त्या काचा बुटानं बाजूला सारल्या. मंग त्यांनी टेप काढला. "मॅडम, दुसरं टोक धरा. एका सायकलीला किती जागा लागती?"

भर उन्हात आम्ही सगळं मोजलं. जाताना त्यांनी पुन्हा कागद पुढं केला. "आता तरी सही?"

म्हटलं, "आधी नकाशात काढून आणा."