उजवीकडे कललेली जीप

या मायबापहो, असे जवळ सरका. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, रांगेतल्या बहीणभावाचं कानी पडलं ते सांगतो.

“ताई, हे चकत्यांचं किट घरीच बसवतो. बाबांची जीप दोन इंच उंच होईल.”

“आणि उजवीकडचा कल?”

“बाबांच्या वजनानं तिकडची स्प्रिंग बसलीय. तिथे जाड चकती घालतो, होईल सरळ.”

“आधी पोट उतरायचं, मग बाबा!”

“आणि जीप हुश्श करून वर यायची.”

“बाबा गेले, तरी आई अजून त्या कलण्यावरूनच गाडी ओळखते रे, खिडकीतून. लगेच चहा टाकते.”

“बोला, काय देऊ?”

“शेठ, जाड चकती राहू द्या. दोन्हीकडच्या सारख्याच द्या.”

रस्त्यात कललेली गाडी दिसली, तर मायबापहो, त्या वजनदार बापाची आठवण काढा.