महादेवीबाईंचं नाव

गंगाखेडच्या बसस्टँडवर अनसूयाबाई परभणीच्या गाडीची वाट बघत होत्या. तेवढ्यात एक तरुण मुलगी धावत आली आणि बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या पाया पडली.

"बाई, मी त्रिवेणी. सातवीला तुमच्या वर्गात होते."

"कुंड्या उचलून किडे बघणारी त्रिवेणी? काय करायलीस आता?"

"कुंडीखालच्या त्या किड्यांचे भाऊबंद समुद्रात राहतात, त्यांच्यावर संशोधन करायले. काही माशाच्या तोंडात राहतात, काही लाकूड पोखरतात, काही वाळूत दडून बसतात. हजारो जाती हायत, बाई."

"मग वेगळ्या ओळखायच्या कशा?"

"पाय, जबडा, शेपटी, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायचं. कोकणात मला एक सापडला, तो कुठल्याच जातीत बसेना. दोन वर्षं ताडून बघितलं. नवीनच निघाला. नाव द्यायचा मान मला मिळाला."

"मग काय दिलंस?"

"तुमचं. बाबा माझी शाळा सोडवायले होते, तेव्हा तुमी घरी येऊन ओट्यावर बसलात. ते हो म्हणेपर्यंत उठलाच न्हाईत."

"अगं, मी तर समुद्र बघितलेलाबी न्हाई."

"शास्त्रात नावाला लॅटिन शेपूट लावतात," म्हणत त्रिवेणीनं छापून आलेलं नाव मोबाईलवर पुढं केलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मोबाईल अनसूयाबाईंपुढं धरला.

"ताई, मला दिसंना झालंय. तेवढं नाव वाचता का?"

अनसूयाबाईंनी इंग्रजी अक्षरं जुळवली.

"महादेवी... पुढं आणखी दोन अक्षरं हायत."

"ती राहू द्या. आधीचं पुन्हा वाचा."