राष्ट्रीयत्व : आफ्रिका

नाव : डॉ. दीपमाला परशुराम सिद्दी. वय : ४१ वर्षे. धंदा : सांख्यिकीच्या प्राध्यापक. राहणार : फ्लॅट ९, तिसरा मजला, सदाशिव पेठ, पुणे ३०.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी १ जूनपासून भाड्याने एकटी राहते. माझा जन्म खडकीचा. वडील तेथील दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षे नोकरीस होते. आमची जमात कर्नाटकातील हल्याळकडील सिद्दी. पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. हे प्रत्येक घरमालकास सांगावे लागते, म्हणून येथेही सांगते.

दि. ९ जून रोजी सकाळी सोसायटीचे सचिव श्रीनिवास आगटे यांनी भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्यासाठी ओळखपत्र मागितले. मी माझ्या भारतीय पासपोर्टची प्रत दिली. ती हातात धरून ते म्हणाले, "आपण मराठी छान बोलता हो! कुठे शिकलात?"

मी म्हणाले, "खडकीत."

"ते झालं. पण मूळच्या कुठल्या?"

"खडकीची."

"राहू द्या. मी बघतो."

त्यांनी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'आफ्रिका' असे लिहिले. आफ्रिका हे राष्ट्र नाही. आगटे निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

दि. १४ रोजी दुपारी चार वाजता आपल्याच ठाण्याचे दोन कर्मचारी माझा पासपोर्ट व व्हिसा तपासण्यास आले. पासपोर्ट दाखवला. भारतीयास भारतात व्हिसा लागत नाही, हेही सांगितले. घरी माझ्या दोन संशोधक विद्यार्थिनी होत्या. त्यांना काही विचारले नाही. जिन्यात सात शेजारी उभे होते. एक बाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते." काय म्हणत होता, असे विचारताच त्यांनी दार लावून घेतले.

त्याच संध्याकाळी घरमालकीण वासंती केतकर यांचा फोन आला. "अहो, माझं तुमच्याबद्दल काही नाही. पण पोलीस आले ना घरात! महिनाअखेर फ्लॅट मोकळा करा." आगटे यांना जाब विचारला असता ते म्हणाले, "चिडता कशाला? परदेशी पाहुण्यांना आम्ही मानानेच वागवतो."

नोंद चुकून झाली, हे मला मान्य नाही. ती रद्द झाल्याचे लेखी पत्र मला व घरमालकिणीस महिनाअखेरीपूर्वी मिळावे आणि खोटी माहिती दिल्याबद्दल आगटे यांच्यावर कारवाई व्हावी. तोंडी दिलगिरी मी स्वीकारणार नाही.

हा जबाब लिहून घेणारे हवालदार हिंदुराव लाड यांनी तो सुरू होण्यापूर्वीच, मला पाहून, कागदाच्या तळाशी 'जबाब हिंदीत समजावून सांगितला' असे लिहून ठेवले होते. ते वाक्य मी खोडून शेजारी सही केली आहे. मी सर्व वेळ मराठीत बोलत होते. जबाब मी स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.